बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग माझ्या एफडीचा टीडीएस का कापला?

ऑगस्ट २०२५

या वेळचं पत्र ठाण्याच्या वर्तकनगरमधून आलंय, एका निवृत्त शिक्षकांचं. थोडं छोटं करून देतेय.

"ताई, नमस्कार. माझं वय ७२. पेन्शन महिना ३४ हजार. बँकेत २२ लाखांच्या एफडी, त्यातली १० लाखांची क्युम्युलेटिव्ह म्हणजे व्याज शेवटी मिळणार अशी. पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत १५ लाख. सेव्हिंगला चारेक लाख कायम असतात, दुखण्याखुपण्याला लागले तर म्हणून. मिसेसच्या नावावर १२ लाखांची एफडी आहे, माझ्या रिटायरमेंटच्या पैशातून केलेली, तिचं व्याज दर तिमाहीला तिच्या खात्यात येतं, तिने १५एच (टॅक्स लागत नाही असं बँकेला लिहून द्यायचा फॉर्म) भरून दिलाय. मेडिक्लेमचा हप्ता वर्षाला ४० हजार. मार्चअखेर बघितलं तर बँकेने वर्षभरात १५,४०० आणि पोस्टाने १२,३०० रुपये टीडीएस कापलेला. तलावपाळीवर आमचा सकाळचा ग्रुप आहे, तिथे सगळे म्हणतात आता १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही तर रिटर्न कशाला भरायचा. भाचा म्हणतो ज्येष्ठांना ५० हजार व्याज माफ आहे. त्याचा मित्र म्हणतो नव्या पद्धतीत ती माफी गेली. खरं काय धरू? सेव्हिंगच्या व्याजावरही टॅक्स असतो का, तिथे तर टीडीएस कधीच कापत नाहीत. आणि मिसेसनेही रिटर्न भरायचा का?"

सर, नमस्कार.

आधी एक सांगते, तुमच्या ग्रुपमधलं कोणीच खोटं बोलत नाहीये, प्रत्येकाच्या हातात गोष्टीचा एकेक तुकडा आहे आणि प्रत्येकजण तोच तुकडा पूर्ण गोष्ट म्हणून सांगतोय. मी २८ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी डिपॉझिटच्या काउंटरला, आणि एप्रिल महिना आला की तुमच्यासारखीच माणसं पासबुक घेऊन यायची, "मॅडम हे कापलं कशाला" म्हणून. मागे रांग असायची, दोन मिनिटांत सांगून मोकळं व्हावं लागायचं, ते मनात राहून गेलंय. म्हणून आज सावकाश लिहिते.

टीडीएस म्हणजे टॅक्स नाही. तो अंदाजाने आधीच काढून घेतलेला अॅडव्हान्स आहे. बँकेला तुमची पेन्शन माहीत नसते, पोस्टातले पैसे माहीत नसतात, तुम्ही मेडिक्लेम भरता का तेही माहीत नसतं, तिला फक्त तिच्याकडच्या पावत्या दिसतात. त्या पावत्यांचं वर्षाचं व्याज सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की ती डोळे मिटून १० टक्के कापते आणि तुमच्या पॅनवर जमा करते. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी लिंक नसल्यामुळे बंद पडला असेल तर १० चे २० होतात. ही मर्यादा आपल्यासारख्या साठीच्या पुढच्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ५० हजार होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १ लाख झाली. मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी, म्हणजे एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एक, आणि पोस्ट वेगळं. तुमचं बँकेतलं एफडीचं व्याज १,५४,००० आणि पोस्टातलं १,२३,०००, दोन्ही मर्यादेच्या वर, म्हणून दोन्हीकडे कापला. कोणी चूक केलेली नाही.

आता यातूनच दोन गैरसमज निघतात आणि दोन्ही महागात पडतात. एक, टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरून झाला. दुसरा, टीडीएस कापला नाही म्हणजे त्यावर टॅक्सच नाही. काहीजण तर मुद्दाम पाच बँकांत थोडी थोडी एफडी करतात की कुठेच मर्यादा ओलांडायला नको. टीडीएस वाचतो खरा, पण टॅक्स लागत असेल तर तो तसाच उभा असतो, आणि हल्ली सगळ्या बँकांचं व्याज तुमच्या पॅनखाली एकत्र दिसतं. एआयएस म्हणतात त्याला, आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन केलं की बघता येतं. तुमच्या सेव्हिंगच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. सेव्हिंगच्या व्याजावर टीडीएस कापतच नाहीत, कितीही व्याज आलं तरी नाही, पण ते उत्पन्नात धरायचंच असतं. चार लाखांवर वर्षाला साधारण ११ हजार आले असतील, ते लिहायचे.

क्युम्युलेटिव्ह एफडीचंही तसंच. पैसे हातात आले नाहीत, मॅच्युरिटीला अजून तीन वर्षं आहेत, मग आत्ता टॅक्स कशाला, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण बँक दर वर्षी ३१ मार्चला त्या वर्षाचं व्याज हिशोबात धरते, त्यावर टीडीएस कापते आणि ते तुमच्या नावावर दाखवतेही. म्हणून आपणही दर वर्षी त्या त्या वर्षाचं व्याज दाखवत जायचं. नाहीतर शेवटच्या वर्षी पाच वर्षांचं व्याज एकदम अंगावर येतं, आधीच्या वर्षांत कापलेला टीडीएस आणि शेवटी दाखवलेलं व्याज यांचा मेळ बसत नाही, आणि मग सीएकडे खेटे. तुमच्या १,५४,००० मध्ये या क्युम्युलेटिव्हचं व्याज धरलेलंच आहे, टीडीएसच्या आकड्यावरून कळतं ते.

आता १२ लाख. सर, ही सूट १ एप्रिल २०२५ नंतरच्या उत्पन्नाला आहे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ ला. तुम्ही ज्या टीडीएसबद्दल विचारताय तो त्याच्या आधीच्या वर्षाचा, २०२४-२५ चा, आणि आत्ता जो रिटर्न भरायचाय तोही त्याच वर्षाचा. टॅक्स काढायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी, आपण एक निवडायची. त्या वर्षाला नव्या पद्धतीत मर्यादा ७ लाखांची होती. ग्रुपमध्ये हेच मिसळलं गेलंय. बजेट फेब्रुवारीत ऐकलं, टीडीएस मार्चमध्ये बघितला, रिटर्न ऑगस्टमध्ये आला, माणसाला वाटतं सगळं एकच वर्ष.

५० हजारांच्या माफीबद्दल भाचाही बरोबर आणि त्याचा मित्रही बरोबर. कलम ८०टीटीबी म्हणून आहे, २०१८-१९ पासून आलं, त्यात साठीच्या पुढच्यांना बँक, सहकारी बँक आणि पोस्ट इथल्या व्याजातले ५० हजारांपर्यंत वजा करता येतात, सेव्हिंग, एफडी, आरडी सगळं मिळून. कंपनीच्या एफडीचं व्याज त्यात बसत नाही हे लक्षात ठेवा, काहीजण तेही धरतात. पण ही वजावट फक्त जुन्या पद्धतीत. नव्या पद्धतीत ती नाही, मेडिक्लेमचीही नाही. आणि हल्ली काही न सांगता रिटर्न भरला तर नवीच पद्धत धरली जाते, जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत रिटर्न भरून तसं निवडावं लागतं, उशीर झाला की तो पर्याय गेला.

मग ५० हजारांची माफी सोडायची की घ्यायची? इथे भावनेने ठरवू नका, माफी हा शब्दच असा आहे की सोडवत नाही. मी तुमचाच हिशोब मांडते, वही घेऊन बसा. पण त्याआधी मिसेसच्या एफडीचं बोलावं लागेल, कारण त्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही, आणि या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

१२ लाख तुमच्या रिटायरमेंटचे, तुम्ही ते वहिनींच्या नावावर ठेवले. आपल्याकडे घराघरात असंच असतं आणि त्यामागे काही लबाडी नसते, आपल्यामागे तिच्या हाताशी काहीतरी असावं एवढाच विचार असतो. पण आयकर कायदा असं म्हणतो की नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला मोबदला न घेता पैसे दिले, तर त्या पैशावरचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात धरायचं. क्लबिंग म्हणतात त्याला. पैसे देण्यावर टॅक्स नाही, ते नवरा-बायकोत करमुक्तच आहे, पण त्यावरचं वर्षाचं ८४ हजार व्याज कायद्याने तुमचं. त्या व्याजातून वहिनींनी साठवून पुढे वेगळी एफडी केली तर त्या नव्या एफडीचं व्याज मात्र त्यांचं. सज्ञान मुलाला किंवा मुलीला पैसे दिले तर हा नियम नाही. आणि वारसाने मिळालेल्या पैशालाही नाही, म्हणजे नवऱ्यामागे बायकोला मिळालेल्या ठेवीचं व्याज हे तिचंच. वहिनींचं स्वतःचं, माहेरचं किंवा नोकरीतलं काही असतं तर प्रश्नच नव्हता. पण तुम्ही स्पष्ट लिहिलंय की पैसे तुमचे, मग मला दुसरं काही सांगता येत नाही.

तर २०२४-२५ चा हिशोब. पेन्शन १२ महिन्यांची ४,०८,०००. बँकेच्या एफडीचं १,५४,०००, पोस्टातलं १,२३,०००, सेव्हिंगचं ११,०००, वहिनींच्या एफडीचं ८४,०००, म्हणजे व्याज एकूण ३,७२,०००. सगळं मिळून ७,८०,०००.

जुन्या पद्धतीने बघू. पेन्शनमधून स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सरसकट वजावट ५० हजार जाते, व्याजाचे ५० हजार जातात, मेडिक्लेमचे ४० हजार जातात, उरले ६,४०,०००. ज्येष्ठांना पहिले ३ लाख माफ, पुढच्या २ लाखांवर ५ टक्के म्हणजे १० हजार, त्यापुढच्या १,४०,००० वर २० टक्के म्हणजे २८ हजार, वर त्या टॅक्सवर ४ टक्के सेस म्हणजे उपकर. झाले ३९,५२० रुपये.

नव्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार, बाकी काही नाही. उरले ७,०५,०००. आता बघा, ७ लाखांपर्यंत असते तर टॅक्स शून्य, आणि तुम्ही ५ हजारांनी पुढे गेलात. सरळ स्लॅबने, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांच्या दराने काढला तर टॅक्स २०,५०० येतो, ५ हजार जास्त कमावले म्हणून २० हजार द्या हे बरं दिसत नाही म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ ठेवलाय, जेवढे ७ लाखांच्या वर गेलात त्यापेक्षा टॅक्स जास्त घ्यायचा नाही. म्हणजे ५ हजार, त्यावर सेस २०० रुपये. ५,२००.

एकीकडे ३९,५२० आणि दुसरीकडे ५,२००. म्हणजे ती ५० हजारांची माफी धरून बसलात तर तुमचे ३४ हजार जास्त जातील. माफी हातातून गेली याचं वाईट वाटून घेऊ नका सर, तुमच्या बाबतीत ती न घेण्यातच फायदा आहे.

आणि टीडीएस किती कापलाय? १५,४०० आणि १२,३००, म्हणजे २७,७००. त्यातून ५,२०० गेले तर २२,५०० रुपये तुम्हाला परत मिळायचे आहेत. ग्रुपचं ऐकून रिटर्न भरलाच नाहीत तर हे पैसे तिथेच राहतील. रिफंड आपोआप येत नाही, कोणीही फोन करून सांगत नाही की तुमचे एवढे आमच्याकडे जास्तीचे पडलेत. रिटर्न भरून मागावा लागतो.

हे वाचताना तुमच्या लक्षात येईल की वहिनींचे ८४ हजार धरले नसते तर तुम्ही ७ लाखांच्या आत राहिला असतात आणि पूर्ण २७,७०० परत आले असते. पोर्टलवर रिटर्न उघडलात की तुमचं व्याज आधीच भरलेलं येतं, पण वहिनींचं येणार नाही कारण ते त्यांच्या पॅनवर आहे, ते तुम्ही स्वतः घालायचंय. न घालण्याचा मोह होईल, कोणीतरी म्हणेलही की कोण बघतंय. मी तुम्हाला ते करा असं कधीच सांगणार नाही. ५,२०० रुपयांसाठी पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाने नोटीस येईल का या विचारात रात्री काढू नयेत, आणि ज्याने आयुष्यभर मुलांना पेपर स्वच्छ लिहायला शिकवला त्याला हे वेगळं सांगायची गरजही नाही.

पुढचं वर्ष, म्हणजे २०२५-२६, तिथे मात्र चित्र छान आहे. आकडे साधारण तेच राहिले तर नव्या पद्धतीत ७,०५,००० वर स्लॅबने १५,२५० टॅक्स येतो आणि तो सगळाच्या सगळा रिबेटमध्ये, म्हणजे टॅक्सवरच्या सुटीत जातो, कारण रिबेट आता १२ लाखांपर्यंत आहे. वहिनींचं व्याज धरूनसुद्धा शून्य. म्हणून ती एफडी घाईने मोडू नका, क्लबिंग ऐकून काहीजण लगेच मोडायला धावतात आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड भरून व्याज घालवून बसतात. गरज नाही. एकच लक्षात असू द्या, हा १२ लाखांचा रिबेट पेन्शन, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नाला आहे. शेअर, म्युच्युअल फंड विकून नफा झाला, घर किंवा प्लॉट विकला, तर त्या नफ्याचे दर वेगळे असतात आणि त्या टॅक्सला हा रिबेट लागत नाही. तसं काही केलंत तर आधी सीएला विचारा.

आता १५एच. हा विषय माझ्या जवळचा आहे. काउंटरला मी हजारो फॉर्म घेतले असतील आणि बहुतेक जण एवढंच विचारायचे की सही कुठे करू. सर, १५एच हा टीडीएस नको असा अर्ज नाही. ते तुमचं प्रतिज्ञापत्र आहे की या वर्षीचं माझं सगळीकडचं उत्पन्न एवढं आहे आणि त्यावर माझा टॅक्स शून्य येतो. टॅक्स शून्य येत असेल तर तो देणं हा तुमचा हक्क आहे, येत नसेल तर देणं हा गुन्हा आहे, खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी कायद्यात शिक्षा आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ होते, पेन्शन चांगली, वर दोन फ्लॅटची भाडी, आणि दर एप्रिलला बिनधास्त १५एच, कारण शेजारच्यांनी दिला होता. शेजाऱ्यांचं बघून द्यायचा हा फॉर्म नाही.

तुम्ही तो २०२५-२६ साठी देऊ शकता. रिबेट धरून टॅक्स शून्य येत असेल तरी १५एच चालतो, तसं फॉर्मच्या खालच्या टिपेतच लिहिलंय, काउंटरवर कोणी "तुमचं उत्पन्न सूटमर्यादेच्या वर आहे" म्हणालं तर ती टीप शांतपणे दाखवा. बँकेत एक आणि पोस्टात एक असे वेगळे द्यायचे, आणि अंदाजे एकूण उत्पन्न या रकान्यात सगळं लिहायचं, त्या बँकेपुरतं नाही. दुसरीकडे किती १५एच दिलेत तेही विचारतात. पोचपावती घ्या, शिक्क्यानिशी. हा फॉर्म दर वर्षी नव्याने द्यावा लागतो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिलेला उत्तम, म्हणजे पहिल्या तिमाहीचं व्याज पडायच्या आधी. आता ऑगस्ट चाललाय, त्यामुळे एप्रिल ते जून मध्ये जो कापला असेल तो बँक परत करणार नाही, तो पुढच्या वर्षी रिटर्नमध्ये मागायचा, पण इथून पुढचा तरी वाचेल. साठीच्या आतल्यांचा फॉर्म २०२५-२६ मध्ये वेगळा, १५जी, त्याचे नियमही कडक आहेत, तो तुमच्या कामाचा नाही.

माझ्या मावशीचं सांगते, वाशीला असते. काका गेल्यावर तिला फॅमिली पेन्शन सुरू झाली, महिना १८ हजार, आणि काकांच्या एफडी तिच्या नावावर झाल्या, त्याचं व्याज लाखभर. म्हणजे तिला टॅक्स लागायचा काही प्रश्नच नव्हता. पण बँकेत तिला कोणी १५एच बद्दल सांगितलं नाही, आणि दर वर्षी दहा-अकरा हजार कापले जायचे. तिला वाटायचं बँकेचा चार्ज असतो, एसएमएसचे कापतात तसा. चार वर्षं. मी दुसऱ्या शहरात बदलीवर होते, मला पत्ता नाही, तिनेही कधी बोलून दाखवलं नाही. एकदा औषधं महाग झाल्याचं बोलता बोलता तिने गोळ्या एक दिवसाआड घेते म्हणून सांगितलं तेव्हा मी पासबुक मागितलं. तिचे स्वतःचे चाळीसएक हजार सरकारकडे पडून होते आणि ती गोळ्या वाचवत होती. त्या वर्षाचा रिटर्न भरून रिफंड आला, आधीच्या वर्षांची मुदत गेली होती, त्याला विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आयकर खात्याकडे, त्यातून दोन वर्षांचे मिळाले, बाकीचे गेले. असा अर्ज आता संबंधित करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांपर्यंतच करता येतो. म्हणून सांगते सर, तुमच्या तलावपाळीच्या ग्रुपमध्ये ज्यांच्या घरी एकट्या राहणाऱ्या बहिणी, वहिन्या, मावश्या असतील त्यांना म्हणावं या आठवड्यात त्यांचं पासबुक एकदा बघा. फॅमिली पेन्शनला तुमच्या पेन्शनसारखं ७५ हजारांचं डिडक्शन मिळत नाही, एक तृतीयांश किंवा २५ हजार यातलं जे कमी ते मिळतं नव्या पद्धतीत, जुन्यात १५ हजार. पण बहुतेकींना तेवढ्यावर जायची वेळच येत नाही, टॅक्स तसाही शून्य असतो.

पंच्याहत्तरीनंतर रिटर्न माफ, हे पण तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणत असेलच. ते अर्धं खरं आहे. ७५ पूर्ण, उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज, आणि व्याज त्याच बँकेतलं जिथे पेन्शन येते, आणि बँकेला तसं लेखी दिलेलं, एवढं सगळं जुळलं तर बँकच टॅक्स काढून कापते आणि रिटर्न भरावा लागत नाही. तुमचे पोस्टात पैसे आहेत, त्यामुळे तीन वर्षांनीही तुम्हाला ते लागू होणार नाही. आणि ऐंशीच्या पुढे ५ लाखांपर्यंत टॅक्स नाही हे म्हणतात ते जुन्या पद्धतीत, नव्यात वयाची वेगळी सूट कोणालाच नाही.

तर आता काय करायचं. मुदत २०२५ साठी वाढवून १५ सप्टेंबर केलीय, पण २७ ऑगस्टला गणपती आहेत, तुम्ही कोकणातले असाल तर गावी जाल, गौरी-विसर्जन करून येईपर्यंत सप्टेंबर उजाडेल आणि शेवटच्या आठवड्यात पोर्टल रडतं हे दर वर्षीचं आहे. म्हणून जायच्या आधी उरका. बँकेतून आणि पोस्टातून व्याजाचं सर्टिफिकेट घ्या, वहिनींच्या एफडीचंही घ्या, पेन्शनचा वर्षाचा तक्ता घ्या. पोर्टलवर एआयएस आणि २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) उघडून टीडीएसचे दोन्ही आकडे दिसतात का बघा, एखादा दिसत नसेल तर आधी त्या बँकेत किंवा पोस्टात विचारा, कारण तिथे दिसल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. रिफंड ज्या खात्यात हवाय ते पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं, म्हणजे पडताळलेलं पाहिजे. आणि रिटर्न सबमिट केला की काम संपत नाही, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावा लागतो, आधारच्या ओटीपीने होतं ते, दोन मिनिटांचं काम आहे पण केलं नाही तर रिटर्न भरलाच नाही असं धरतात. आधारला जोडलेला मोबाइल जुना असेल, मुलाचा असेल, तर ते आधी बघा, गावी रेंज नसताना ओटीपीची वाट बघत बसू नका.

तुम्हाला व्यवसायाचं उत्पन्न नाही आणि साठीच्या पुढचे आहात, त्यामुळे अॅडव्हान्स टॅक्स भरला नाही म्हणून व्याज वगैरे काही लागणार नाही, कोणी घाबरवलं तर घाबरू नका. रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळू शकतं, ते मिळालं तर पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं.

रिटर्न कोणाकडून भरून घेणार असाल तर कृपा करून "एवढ्या टक्क्यांवर मोठा रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तो न भरलेली डोनेशन, न घेतलेलं कर्ज दाखवतो, पैसे घेऊन जातो, आणि नोटीस तुमच्या नावाने येते. जुलै २०२५ मध्येच आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर देशभर कारवाई केलीय. तुमचा रिटर्न साधा आहे, फी ठरवून घेणारा जवळचा कोणताही सीए करेल, भाचा बसला तर तोही करेल. आणि "तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर क्लिक करायचं नाही, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, अगदी आयकर ऑफिसमधून बोलतोय म्हणाला तरी नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत नवा आयकर कायदा मंजूर झाला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात कलमांचे नंबर बदललेत, म्हणून एप्रिल २०२६ पासून असा फॉर्म द्यायला जाल तेव्हा जुन्या झेरॉक्सवर सही करू नका, त्या वेळचा चालू फॉर्म बँकेतून मागून घ्या.

राहिला वहिनींचा रिटर्न. त्यांच्या नावावर दुसरं काही उत्पन्न नाही, टीडीएस कापलेला नाही, व्याज तुम्ही तुमच्यात दाखवताय, त्यामुळे त्यांनी भरायची गरज नाही. त्यांचं पॅन आधारशी लिंक आहे ना एवढं मात्र आजच बघा, आणि त्या एफडीला नॉमिनी कोण लावलाय तेही. पावतीवर लिहिलेलं असतं.